जुना स्टॅनले 78 : रिबेटची भिंत तिरकी का येते?

लेस्टरकर

इथल्या कार बूट सेलला (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) जुना स्टॅनले 78 मिळाला, म्हणजे रिबेट (लाकडाच्या कडेला पायरीसारखी खाच) मारायचा रंधा. ओतकाम शाबूत आहे, कुठे तडा नाही. फेन्स (पट्टीच्या कडेला टेकून रंधा सरळ ठेवणारा भाग) आणि तिची दांडी आहे; डेप्थ स्टॉप (ठरलेल्या खोलीला रंधा थांबवणारा भाग) आणि बाजूची छोटी स्पर (तंतू कापणारी पाती) मात्र गायब. फोटोफ्रेमसाठी ओकच्या पट्ट्यांना 10 मिमी रुंद, 6 मिमी खोल रिबेट मारतोय. पात्याला धार अशी आहे की हातावरचे केस जातात. तरी आतली भिंत सरळ उतरत नाही. दर फेरीला रंधा माझ्या अंगाकडे सरकतो आणि भिंतीला पायऱ्या पडतात. दोष रंध्यात की माझ्यात? हा विकून रेकॉर्डचा 778 रंधा घ्यावा, की स्टॅनलेचा 10 नंबर बघावा?

चिकटपट्टी

खाचा मारायचा विजेवरचा राउटर घ्या, पाच मिनिटांत मोकळे व्हाल.

पॅटर्नवाला

राउटरवाले आलेच का! त्यांना चहा द्या आणि बसवा.

लेस्टरकर, विकू नका. कोल्हापूरला फौंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथे) माझ्या हाताखाली रेकॉर्डचा 078 होता, म्हणजे तुमच्या 78चाच शेफील्डचा भाऊ. नवीन पोरगं आलं की त्याची हीच तक्रार असायची, आणि बहुतेक वेळा दोष पात्याच्या जागेत निघायचा, धारेत नाही.

रंधा उलटा धरा, बूड वर. फेन्स डावीकडे असेल तर भिंत उजवीकडे येते. त्या उजव्या अंगावर स्टीलची पट्टी टेकवून पात्याच्या दिशेने सरकवा. पात्याचा कोपरा पट्टीला अगदी किंचित अडला पाहिजे, कागदाच्या जाडीइतका. अडला नाही तर पातं आत बसलंय. मग कोपऱ्यातलं लाकूड कापायचं राहतं, रंध्याचं अंग त्याच्यावर घासतं आणि पुढच्या फेरीला रंधा तेवढा बाहेर ढकलला जातो. तुमच्या पायऱ्या तिथून येतात. पातं दाबून धरणारी लिव्हर कॅप सैल करून पातं उजवीकडे सरकवा आणि पुन्हा आवळा. पण जास्त बाहेर काढलंत तर भिंत ओरबाडेल.

तेवढ्याने भागलं नाही तर बूड आणि अंग यांना गुण्या लावून बघा. जुन्या ओतकामात कधीकधी तिथे फरक असतो.

आता हात. 78ची फेन्स एकाच दांडीवर लटकते, जोर लागला की टोकाला वाकते. डाव्या हाताने फेन्स पट्टीला दाबून ठेवायची, उजव्याने फक्त ढकलायचं. दोन्ही हातांनी ढकललं की रंधा फिरलाच. फेन्सला लांब, सपाट लाकडी पट्टी दोन्हीकडे चिकटणाऱ्या टेपने लावा, टेकू वाढतो. आणि पहिली फेरी पूर्ण लांबीची मारू नका. पुढच्या टोकाला वीतभर मारा, मग थोडं मागून, मग आणखी मागून. मारलेली खाच रंध्याला वाट दाखवते.

हरवलेल्या वस्तूंसाठी जीव टाकू नका. स्पर लाकडाच्या रेषांना आडवं मारताना लागते, पात्याच्या आधी तंतू कापायला. उभ्या रेषांत ती आत वळवून ठेवायची असते. कधी आडवं मारायचं झालं तर भिंतीच्या रेघेवर आधी चाकू चालवा. डेप्थ स्टॉपऐवजी मार्किंग गेजची (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) रेघ चालते. सुटे भाग घ्यायचेच असतील तर 78चेच घ्या. स्टॅनलेच्या स्क्रूंचे आटे वेगळे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसत नाही. जबरदस्ती केलीत तर ओतकामातला आटा जाईल.

778 चांगला, फेन्सला दोन दांड्या असल्याने ती डुगडुगत नाही. घ्यायचा तर घ्या, पण पात्याचं गणित तिथेही हेच. स्टॅनले 10 मात्र फ्रेमच्या कामाला नको. तो घोडागाड्या बांधणाऱ्यांचा लांब रंधा, तोंड दोन्ही बाजूंनी उघडं, वरची कमान बारीक; पडला की तिथेच तडकतो. विकायला आलेल्यांत डाग मारून जोडलेले बरेच असतात.

लेस्टरकर

काका, पातं खरंच आत होतं! सरकवलं, भिंत सरळ आली. आता एकाच पट्टीचा त्रास उरलाय: मध्येच रेषा उलट्या जातात आणि तंतू उचकटतात. फ्रेमचा दर्शनी भाग ठरलेला असल्यामुळे पट्टी उलटी लावता येत नाही.

पॅटर्नवाला

मग फेन्स उलटी लावा. दांडीचा आटा दोन्ही अंगांना आहे. ती काढून उजवीकडे बसवा आणि समोरच्या टोकाकडून मारत या. आता भिंत डावीकडे येईल, म्हणून पातं त्या बाजूला किंचित बाहेर काढायचं. उलट्या रेषांचा तुकडा तेवढाच अशा पद्धतीने मारा, बारीक छिलका काढत. या बाजूला स्पर आणि डेप्थ स्टॉप तसेही चालत नाहीत, त्यामुळे तुमचं काही अडणार नाही.