मदत हवी आहे: जुन्या इंग्रजी गाण्यांच्या छापील प्रतींचं साल कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. इथे लंडनला जुन्या बाजारात गाण्यांच्या सुट्या प्रती एकत्र शिवलेला एक जाडजूड गठ्ठा मिळाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात संध्याकाळी घरातलं कुणी पियानोवर बसायचं, कुणी शेजारी उभं राहून गायचं, त्यासाठी विकत घेतलेली ही गाणी. आर्थर सलिव्हनचं ‘द लॉस्ट कॉर्ड’ही त्यात आहे. १८७७मध्ये भाऊ अखेरच्या आजारात असताना त्याच्या उशाशी बसून सलिव्हनने ही चाल बांधली. त्या पानावर दोन ओळींच्या मधे कुणीतरी पेन्सिलीनं ‘श्वास’ असं इंग्रजीत लिहून ठेवलंय. गलबलून आलं बघून.

बहुतेक प्रतींवर साल छापलेलंच नाही. पानाच्या तळाशी एक आकडा आहे, तो छपाईच्या प्लेटचा क्रमांक. त्यावरून साल काढता येईल अशी यादी कुठे बघायला मिळेल?

आणि हे जास्त तातडीचं: शिवण सुटत चाललीय, कडा हात लावताच तुटतात. चिकटपट्टी लावणार नाही. पण स्कॅन करण्यासाठी शिवण उसवावी का? जुन्या कागदाचं काम केलेल्या कुणी कृपया सांगा, तोवर मी हात लावत नाही.