मंत्रपुष्पांजलीत बाप्पा नक्की कुठे येतो?

विरार_फास्ट: काल आरती झाल्यावर आठवीतल्या पुतणीने विचारलं, काका यात गणपतीचं नाव कुठंय? आणि मी गप्प. लहानपणापासून मुठीत फुलं घेऊन म्हणतोय, "यज्ञेन यज्ञम" जोरात, "राजाधिराजाय"ला सगळे अडखळणार, मधलं पुटपुटायचं आणि "सभासद इति"ला परत जोरात. अर्थ कधी बघितलाच नाही. हे वेदातलं आहे का नंतर कोणी रचलेलं स्तोत्र?

कुळीथ_पिठलं: वेदातलंच, पण जोडकाम आहे. पहिली ऋचा ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताची शेवटची (१०.९०.१६). दुसरा तुकडा तैत्तिरीय आरण्यक या वैदिक ग्रंथातला, तो चक्क कुबेराला नमस्कार, वैश्रवण म्हणजे तोच. पुढचे दोन ऐतरेय ब्राह्मणातले (हाही वैदिक ग्रंथच), राजाच्या अभिषेकाच्या प्रकरणातले, म्हणून ते साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं सगळं. शेवटच्यात तर मरुत्त राजाच्या घरी मरुत देव "परिवेष्टार:" होते, म्हणजे वाढपी हो, आपल्या पंगतीतले!! बाप्पा नाहीच कुठे.

अर्धा_चहा: मग "गणानां त्वा गणपतिं" तरी बाप्पाचं ना?

कुळीथ_पिठलं: ती ऋचा (२.२३.१) मुळात ब्रह्मणस्पतीची, म्हणजे वेदातल्या प्रार्थनेच्या देवाची. गणपतीकडे नंतर आली, आता त्याचीच झालीय.

सोवळं_वाळत_घातलंय: आरतीनंतर का म्हणतात तेही सांगतो. पूजेचे उपचार १६, पुरुषसूक्ताच्या ऋचा १६, एकेका उपचाराला एक ऋचा. सोळावा उपचार मंत्रपुष्प, त्यामुळे "यज्ञेन यज्ञम" आपसूक फुलांच्या वाट्याला आली. आणि कृपा करून "एकरालिति" म्हणू नका रे, "एकराळिति" आहे, एकराट् अधिक इति, पुढे स्वर आल्याने ट् चा ड् होतो. दोन स्वरांच्या मधे ड आला की ऋग्वेदी लोक ळ म्हणतात, ऋग्वेदाची सुरुवातच "अग्निमीळे". ळ येणाऱ्या मराठी माणसाने तरी तिथे ल म्हणायचं म्हणजे कमाल आहे. उदात्त अनुदात्ताचं (वेद म्हणतानाच्या स्वरांच्या चढउताराचं) तर बोलायलाच नको, टाळ्यांच्या ठेक्यात सगळं वाहून जातं.

विरार_फास्ट: बापरे, धन्यवाद मंडळी. पुतणीला सगळं वाचून दाखवलं, तिला फक्त वाढपी लक्षात राहिले. आज मोदक वाढायला तीच उठली, मी मरुत आहे म्हणे, आणि सगळ्यात जास्त मोदक स्वतःच्याच ताटात.