अ‍ॅक्रिलिकमध्ये झाडीतलं कौलारू घर: हिरवे रंग आणि सावली (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या आमच्या आजोळच्या घराचं चित्र काढते आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे फणस-आंब्याची दाट झाडी, डावीकडे पोफळी. कॅनव्हास १६ बाय २० इंची, जेसोचे (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिलेले. रंग: अल्ट्रामरीन (गडद निळा), थॅलो ग्रीन, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), टायटॅनियम व्हाइट. घर लवकरच उतरवणार आहेत, म्हणून नुसतं छान चित्र नको, तेच घर दिसायला हवं.

आकाश आणि अंगण जमलं. अडलंय झाडीत. फणसाचं पान काळपट, चकचकीत, आंब्याची पालवी तांबूस, पोफळ पिवळसर. कॅनव्हासवर मात्र सगळी एकच हिरवी भिंत झाली आहे. थॅलो ग्रीन थेंबभर घेतला तरी बाकीचे रंग गिळतो, पांढरा घातला की पिठूळ होतो. शिवाय ओला असताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर गडद दिसतो.

त्याहून जास्त टोचतंय ते हे, की घर झाडांच्या आत वाटतच नाही, वरून चिकटवल्यासारखं दिसतं. तिथे भर दुपारीही माजघरात दिवा लावावा लागतो, इतकी सावली. कौलांवर काळ्याने सावली टाकली तर लाल मरतो. काय करू?

प्रतिसाद १

थॅलो ग्रीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा. जवळजवळ काळा हिरवा मिळेल, तो फणसाच्या आतल्या अंधाराला ठेवा. बाकीचे हिरवे अल्ट्रामरीन आणि दोन पिवळ्यांतून बनवा. ऑकरने शेवाळी येतो, लेमनने कोवळा. उजळायला पिवळाच घ्या. पांढरा फक्त लांबच्या झाडांना, किंचित निळ्यासोबत.

वाळल्यावर गडद होणं हा अ‍ॅक्रिलिकचा स्वभावच आहे. त्यातला बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग) ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणून छटा जराशी उजळ कालवा आणि कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघा.

प्रतिसाद २

घराबद्दल सांगतो. जवळच्या फांद्या घर रंगवून झाल्यावर काढा आणि त्या कौलांच्या कडेवर, भिंतीच्या कोपऱ्यावर येऊ द्या. छपराची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसते तोवर घर सुटंच राहणार. मागची कड थोडी पुसट ठेवा.

सावलीला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पारदर्शक करणाऱ्या द्रवात) पातळ करून कौलांवर फिरवा, खालचा लाल जिवंत राहतो. नुसत्या पाण्याने फार पातळ केलंत तर रंगाची पकड सुटते. जांभ्याच्या सावलीतल्या भागावर झाडांचा हिरवा अगदी हलका येऊ द्या, आणि कौलांचा तांबडा झाडांच्या बुंध्यांत, अंगणातल्या मातीत थोडा थोडा न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फांद्या आधीच काढून मग त्यांच्यामधून घर भरत होते, ते आता उलट करते. ग्लेझ देण्याआधी खालचा थर किती वाळू द्यायचा? इथे पाऊस चालू आहे.

प्रतिसाद २

एरवी थर पातळ असेल तर अर्धा तास पुरतो. पावसाळी हवेत रात्रभर ठेवा. बोटाला गार लागत असेल तर आत ओल आहे, थांबा.