गोव्यातल्या डासजन्य तापांचे खापर हवामानावर फोडावे काय?

म्हापशेकर: माझ्या मते फोडावे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात पक्व होईपर्यंत डास जगला, तरच रोग पुढे जातो. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीला त्यासाठी 20 अंश तापमानात सुमारे चार आठवडे लागतात, तर 28 अंशांत दहा दिवसांहूनही कमी. चार आठवडे जगणारा डास विरळाच. तेव्हा तापमानातली थोडी वाढही संसर्गाचे गणित बदलते.

अंत्रुजकर: हे गणित हिमालयातल्या खोऱ्यांना किंवा केनियाच्या उंच पठारांना लागू पडते. पणजीत थंडीच्या दिवसांतही डासाला पुरेशी ऊब असते. आपल्याकडचा डास तापमानवाढीची वाट पाहत कधीच थांबला नव्हता. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरिया उसळला, तो बांधकामांच्या धडाक्यात. स्लॅबवर साठवलेले पाणी, उघड्या टाक्या आणि विहिरी यांत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी जातीचा डास वाढला आणि मलेरियाग्रस्त भागांतून आलेल्या मजुरांच्या रक्तातून त्याला परजीवी मिळाला. पुढे सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली मजुरांना आरोग्यपत्र सक्तीचे करावे लागले, ते काही ऊन वाढले म्हणून नव्हे. (जुने गोवे तापाच्या साथींनी ओस पडू लागले, तेव्हा तर तापमानवाढीचे नावही नव्हते.)

म्हापशेकर: स्टीफेन्सीबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पण आपण फक्त तापमानाचेच बोलता आहात; पावसाचे काय? डेंग्यू पसरवणारा एडिस पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. संततधार पावसात उघड्यावरच्या अळ्या वाहून तरी जातात. मात्र चार दिवस मुसळधार, मग आठवडाभर कडक ऊन आणि पुन्हा सर, असा लहरी मोसम आला की प्रत्येक सरीगणिक अंड्यांची नवी तुकडी फुटते. शिवाय डेंग्यूचा प्रसार सर्वाधिक होतो तो 29 अंशांच्या आसपास, आणि ते तर आपले नेहमीचेच तापमान आहे.

डिचोलीवाला: पाऊस अगदीच नसला तरी डास वाढतो, हे दोघांच्याही बोलण्यात राहून गेले. एप्रिल-मे महिन्यांत नळ कोरडे पडले की आमच्याकडे घरोघरी पिंपे भरून ठेवतात. याला हवामान म्हणावे की पाणीपुरवठा?

अंत्रुजकर: पाणीपुरवठाच. म्हापशेकर, तुमच्या युक्तिवादातली अंडीदेखील शेवटी कोणाच्या तरी पिंपातच आहेत. दोष हवामानाला दिला की टाकीला झाकण न लावणारा बिल्डर आणि त्याच्याकडे काणाडोळा करणारा निरीक्षक, दोघेही सुटतात.

म्हापशेकर: कोणाला सोडा, असे मी म्हणत नाही. पण सर कधी येईल याचा नेम राहिला नसेल, तर जूनपूर्वी एकदा फिरून येणाऱ्या निरीक्षकाला त्या पिंपात काहीच सापडणार नाही. पावसाने उघडीप दिली की आठवडाभराच्या आत, म्हणजे अळीचा डास होण्यापूर्वी, पुन्हा फेरी झाली पाहिजे, आणि ती कधी काढायची हे वेधशाळेच्या नोंदी पाहूनच ठरवावे लागेल.