एस्टोनियातील साहसी भांडवलाचा ओघ खरोखरच आटला आहे का?

चौकस_वाचक: बाल्टिक देशांच्या अर्थव्यवस्थेवर टिपण लिहीत असताना एस्टोनियाचे आकडे पाहण्यात आले. जेमतेम साडेतेरा लाख वस्तीच्या या देशातील नवउद्यमांनी (स्टार्टअप) 2022 मध्ये एक अब्ज युरोंहून अधिक साहसी भांडवल, म्हणजे नव्या, जोखमीच्या कंपन्यांत हिस्सा घेऊन घातलेला पैसा, उभारले. पुढच्याच वर्षी ही रक्कम निम्म्याहूनही खाली आली. याला पडझड म्हणावे का? शिवाय, तेथील करप्रणालीमुळे गुंतवणूकदार आकृष्ट होतात, असे वारंवार वाचनात येते. त्यात कितपत तथ्य आहे?

आकडेमोड: इतक्या लहान बाजारपेठेत वार्षिक बेरीज पाहण्याआधी त्या वर्षातील सर्वांत मोठा व्यवहार बाजूला काढून पाहावा. जानेवारी 2022 मध्ये एकट्या बोल्ट या टॅक्सी-सेवा कंपनीने 7.4 अब्ज युरोंच्या मूल्यांकनावर 62.8 कोटी युरो उभारले; म्हणजे त्या विक्रमी वर्षाचा फार मोठा भाग एकाच कंपनीचा होता. 2023 मध्येही चित्र तसेच दिसते, कारण ऊर्जासाठवण क्षेत्रातील स्केलेटन टेक्नॉलॉजीजने मिळवलेले 10.8 कोटी युरो वगळले, तर उरलेली रक्कम बरीच रोडावते.

घसरण मात्र खरी आहे आणि तिचे मूळ राजधानी टालिनमध्ये नाही. युरोपीय मध्यवर्ती बँकेने अकरा वर्षांनंतर प्रथमच जुलै 2022 मध्ये व्याजदर वाढवले आणि सप्टेंबर 2023 पर्यंत ठेवींवरील दर उणे अर्ध्या टक्क्यावरून 4 टक्क्यांवर नेला. जोखमीविना चार टक्के मिळू लागल्यावर मोठ्या, उशिराच्या टप्प्यातील भांडवल-उभारणीच्या फेऱ्या आधी थांबतात, आणि एस्टोनियात त्या फेऱ्यांचा पैसा प्रामुख्याने परदेशी निधींचा असतो. सुरुवातीच्या टप्प्याला थोडा आधार सरकारी पैशाचा आहे: 2012 चा बाल्टिक इनोव्हेशन फंड आणि 2016 चा एस्टफंड हे दोन्ही युरोपीय गुंतवणूक निधीच्या सहभागाने उभे राहिले आणि त्यांतून खासगी निधींना भांडवल मिळाले.

जुना_सदस्य: कराविषयी थोडे. 2000 सालापासून तेथे कंपनीत राखून ठेवलेल्या नफ्यावर कर नाही. तो लाभांश वाटताना लागतो आणि 2025 पासून त्याचा दर 22 टक्के आहे. व्यवस्था उत्तम आहे, पण ज्या नवउद्यमाला पहिली काही वर्षे नफाच होत नाही, त्याला तिचा लाभ तो काय? माझ्या मते, कर्मचाऱ्यांना दिलेले समभागांचे पर्याय (ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क) तीन वर्षे राखल्यास कंपनीला त्यांवर कर भरावा लागत नाही, ही तरतूद अधिक उपयोगी ठरली आहे.

खरी पुंजी एस्टोनियात विकसित झालेल्या स्काइप या इंटरनेट कॉल सेवेतून आली. ईबेने 2005 मध्ये स्काइप 2.6 अब्ज डॉलरना विकत घेतली तेव्हा पैशाबरोबरच जागतिक उत्पादन उभारण्याचा अनुभव असलेली एक पिढी तयार झाली होती. तिच्यातील तावेत हिनरिकुस यांनी 2011 मध्ये क्रिस्तो केरमान यांच्यासह परदेशी पैसे पाठवण्याची सेवा देणारी वाइज काढली, तर आहती हाइन्ला यांनी सामान पोहोचवणारे रोबो बनवणारी स्टारशिप टेक्नॉलॉजीज. यांच्यापैकी अनेकांनी पुढे इतरांच्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घातले, आणि हे कोणत्याही करसवलतीने घडवता आले नसते.

सीमारेषा: एक खुलासा टिपणात जरूर असावा. वाइजचे मुख्यालय लंडनमध्ये आहे आणि 2021 मध्ये तिची नोंदणीही तेथील शेअर बाजारात झाली. विक्री-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पाइपड्राइव्हचा बहुमताचा हिस्सा 2020 मध्ये विस्टा इक्विटी या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेला. त्यामुळे ‘एस्टोनियन’ भांडवल मोजताना संस्थापकांचे मूळ धरले आहे की कंपनीची नोंदणी, यावर बेरीज पुष्कळ बदलते.

अलीकडचा ठळक कल संरक्षण क्षेत्राचा आहे. पूर्वी अनेक निधींच्या करारांतच शस्त्रास्त्रांतील गुंतवणूक वर्ज्य असे. युक्रेनवरील 2022 च्या आक्रमणानंतर हे संकोच सैलावले आणि स्मार्टकॅप या एस्टोनियन सरकारी मालकीच्या गुंतवणूक संस्थेने संरक्षण तंत्रज्ञानासाठी 10 कोटी युरोंचा निधी जाहीर केला. येथे अडचण भांडवलापेक्षा ग्राहकाची आहे. साहसी निधीची मुदत साधारण दहा वर्षांची असते, लष्करी खरेदीची प्रक्रिया मात्र त्यातली कित्येक वर्षे सहज खाऊन टाकते, आणि एस्टोनियाचे स्वतःचे लष्कर एवढे मोठे नाही की केवळ त्याच्या मागणीवर कंपनी वाढावी.