चार इंची ग्राइंडरला सात इंची चकती
दगड कापण्याबद्दलच्या वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढला की चार इंची ग्राइंडरवर, म्हणजे चकतीने कापायच्या हातातल्या मशीनवर, सात इंची चकती बसते. बसते, पण कृपा करून लावू नका. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं आणि सात इंची चकतीवर मर्यादा बहुतेक ८,५०० च्या आसपास छापलेली असते. धुळ्याला आमच्या पायऱ्यांचा काळा पाषाण कापताना मिस्तरीने हेच केलं. चकतीचा तुकडा उडून पत्र्याच्या दारात रुतला, त्याच्या गुडघ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर!

तोंडाला बांधलेल्या रुमालाने धूळ अडत नाही, हे त्याच पोस्टमधलं म्हणणं मात्र अगदी पटलं. आपल्या काळ्या दगडापेक्षा ग्रॅनाइट आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका (फुफ्फुसांना इजा करणारी बारीक खनिज धूळ) कितीतरी जास्त, तिथे तर पाणी सोडूनच कापा. ओल्या कामाला मार्बल कटर घ्या, आणि लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच.