आयटी कायद्याबद्दल आमदारांना नेमकं काय सांगायचं? (नाशिक)

गोदाकाठ_०७:
मंडळी, नाशिकमधल्या आम्हा सात-आठ सायबर सिक्युरिटीवाल्यांना आमदारांनी अर्धा तास दिलाय. मुद्दा असा, की चांगल्या हेतूनं वेबसाइट-सिस्टिममधल्या त्रुटी शोधून कळवणाऱ्याला आयटी कायद्यात संरक्षण नाही. मागायचं काय आणि सांगायचं कसं?

सीबीएसचा_वकील:
आधी दार बरोबर आहे का बघा. आयटी कायदा, 2000 संसदेचा. तो बदलायचा तर खासदार गाठा. आमदारांकडे पोलिसांचं मागा, तो राज्याचा विषय.

कलम 43 आणि 66 ची गल्लत करू नका, तिथंच बैठका भरकटतात. मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरलात, एवढं 43 ला पुरतं. हेतू कुणी विचारत नाही, पण ते भरपाईचं कलम. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं की 66: 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 66 उभं आहे 43 वर, म्हणून सवलत 43 मध्येच मागा. अमेरिकेचा दाखला देणार असाल तर नीट द्या. मे 2022 मध्ये तिथं बदललं ते न्याय खात्याचं धोरण (चांगल्या हेतूनं त्रुटी शोधणाऱ्यावर खटला भरायचा नाही). हॅकिंगविरोधी 1986 चा कायदा त्यानं बदलला नाही.

लॉगवाला:
स्लाइड नकोत. कागदावर पावतीची लिंक छापा, शेवटी 4512. खाली तीच लिंक, शेवटी 4513. आकडा बदलला की शेजाऱ्याची पावती उघडते, हे कुणालाही कळतं. खरी साइट उघडून दाखवू नका हो, तोच 43!

त्रुटी तपासताना स्वतःचीच दोन खाती वापरा (त्यानंही 43 मधून पूर्ण सुटका नाही), एका खात्यातून दुसऱ्याची नोंद दिसली की थांबा. स्क्रिप्टनं पाचशे नोंदी उतरवल्यावर चांगला हेतू पीआयना कोण पटवणार? सर्ट-इनला (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) कळवा. बक्षिसाची अट घातलीत तर प्रकरण खंडणीकडे जातं.

पुरावा_पेटी:
आमदारांसाठी खरा विषय हा. कलम 78 मुळे या कायद्याखालचा तपास पीआय किंवा त्यावरचाच अधिकारी करतो. पीएसआय कितीही तयार असला तरी फाइल त्याची नाही. त्यात 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र दोन भागांत आलं, दुसरा भाग तज्ज्ञाचा, आणि हॅश (डेटाचा जणू अंगठ्याचा ठसा, डेटा जरा बदलला की तोही बदलतो) दोन्हीत.

घोळ कुठे होतो? जप्त पेनड्राइव्ह 'आत काय आहे बघू' म्हणून ठाण्यातल्या कॉम्प्युटरला थेट लावतात. विंडोज त्यावर काहीबाही लिहितं आणि अख्ख्या ड्राइव्हचा हॅश बदलतो. मग कोर्टात बचावाच्या वकिलाला आयतंच मिळतं. राइट ब्लॉकर (ड्राइव्हवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची, तिचा एसएचए-256 पद्धतीचा हॅश घ्यायचा आणि तो पंचनाम्यातच लिहायचा. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत हे प्रत्येकाकडून हातानं करून घ्या, एवढंच मागा.

गोदाकाठ_०७:
हॅश बदलतो हे आमदारांना टेबलावर दाखवता येईल?

पुरावा_पेटी:
येईल की. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून सेव्ह करा, विंडोजमधल्याच सर्टयुटिल या कमांडनं हॅश काढा. शेवटी एक पूर्णविराम टाका, सेव्ह करा, पुन्हा काढा. दोन्ही एकाखाली एक ठेवून त्यांनाच वाचायला द्या.